आजवर वापरलेली सर्व आडनावं

३ फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

खूप दिवसांनी लिहितेय. बातमी चांगली आहे, तरी आधी बसून घे. मी लग्न करतेय. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल तुला मागे लिहिलं होतं ना, त्याच्याशीच. सगळा बाजार त्याला मिस्त्री म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्याची आई रागावली की तीही मिस्त्रीच म्हणते.

तुझ्या भावाचं घर सोडून मला सहा वर्षं झाली, कागदोपत्री सुटून चार. तरी तू मला वहिनी म्हणतेस आणि मी ओ देते. हे लग्न झाल्यावरही तसंच म्हण. दुसरं काही तुझ्या तोंडून ऐकायची मला सवय नाही.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. माझ्या नखांत प्लास्टर तसंच होतं. सकाळपासून लॅबमध्ये चार कवळ्यांचे साचे ओतले होते. मिस्त्रीच्या डोक्यात एक खूळ आहे: दोघांनीही दोन्ही आडनावं लावायची. आधी माझं माहेरचं, मग रेघ, मग त्याचं. मी म्हटलं, बायका लावतात, पुरुष कुठे लावतात? तो म्हणाला, "दुकानाची पाटी जरा लांब करू. लाकूड पडलंय." खिडकीतला कारकून वैतागलेला होता. हल्ली दर तिसऱ्या जोडप्याला रेघ हवी असते म्हणे, आणि अर्जात आडनावाच्या चौकटी चोवीसच. आमची दोन्ही आडनावं कशीबशी बसली, रेघेला जागा उरली नाही. "रेघ मनात धरा," म्हणाला.

अकरावा प्रश्न होता, आजवर वापरलेली सर्व आडनावं. तोही भरला. आता नोटीस तीस दिवस दारातल्या काचेच्या फळ्यावर राहील. कुणाची हरकत असेल तर त्याने त्या मुदतीत नोंदवायची.

तुझा भाऊ सध्या कुठे आहे, एवढं मात्र लिही. मी सहज विचारतेय.

तुझी,
वहिनी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दवाखान्यात आलं तेव्हा मी एका बोक्याला धरून बसले होते. डॉक्टरबाई त्याचा कान साफ करत होत्या. हात मोकळे झाल्यावर वाचलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन थोडी रडले. आनंदानेच. त्या बोक्याच्या कार्डावरसुद्धा मालक-मालकिणीची दोन आडनावं आहेत, मध्ये रेघ. त्याला हाक मारायची तर दम लागतो.

दादाची काळजी करू नकोस. तो मागच्या वर्षीच नोकरीसाठी लांब गेला. आईला कधीमधी फोन करतो. घरी मी आणि आई, सगळं ठीक आहे.

फक्त एक विचारते, रागावू नकोस. माहेरचं आडनाव परत कशाला काढतेस? तिकडे गेल्यापासून तू आजोळचं लावतेस ते बरं होतं, ते त्याला ठाऊक नाही. आता नुसतं मिस्त्रीचं लाव. त्या आडनावाच्या शंभर बायका असतील, त्यांतली एक होऊन जा. माहेरचं त्याला पाठ आहे, वहिनी. पत्रावर दिसलं तरी तो कसा व्हायचा, हे मी तुला सांगायला नको.

मिस्त्रीला तू सगळं सांगितलंयस ना?

सगळं ठीक आहे. पाकिटावर नाव लिहू नकोस.

बिट्टी

*

२० फेब्रुवारी

प्रिय बिट्टी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. "सगळं ठीक आहे" दोनदा लिहिलंयस. मी लग्न करतेय हे तुला मनातून आवडलं नसेल तर तसं सांग. तो तुझा भाऊ आहे, मी समजू शकते.

तू विचारलंस म्हणून सांगते. मिस्त्रीला एवढंच माहीत आहे की एकदा लग्न झालं होतं आणि जमलं नाही. त्याने खोदून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि आणखी एक, जे कुणालाच सांगितलेलं नाही. अर्जात "पूर्वी विवाह झाला होता का" या प्रश्नाला मी "नाही" लिहिलं. अकराव्या प्रश्नात माहेरचं लिहिलं, आजोळचं लिहिलं, तुमच्या घरचं गाळलं. मिस्त्री शेजारच्या खिडकीवर स्वतःचा अर्ज भरत होता. माझं पेन त्या चौकटीवर थांबलं, आणि मला वाटलं हे आडनाव काचेमागे लागलं तर तो कुठेही असला तरी त्याला ते दिसेल. वेडेपणा आहे, कळतं मला. खोटं लिहिणं गुन्हा आहे हेही अर्जाच्या खाली छापलेलं होतं. तरी सही केली.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी फळ्याकडे जाते. समोरच्या फुटपाथवर उभी राहून डबा खाते आणि नोटीस कोण वाचतं ते बघते. परवा एक माणूस पाठमोरा उभा होता, तेच खांदे, मान तशीच एका बाजूला. माझ्या हातातला डबा पडला. तो वळला तर कुणीतरी म्हातारा, मुलीच्या नोटिशीचा फोटो काढत होता.

आता दुसरं पान घेते.

माहेरचं नाव कशाला, विचारतेस. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ माझी सगळी कागदपत्रं घेऊन गेला आणि संध्याकाळी नाव बदलून घेऊन आला. सही माझी होती, मी केलेली नव्हती. म्हणाला, "आता तू जुन्या नावाने कुठे सापडायची नाहीस." मला ते तेव्हा प्रेमाचं वाटलं होतं. नंतर तो माझ्या चपला कपाटात कुलपात ठेवायला लागला. नंतर मैत्रिणीचं पत्र आलं, पाकिटावर माहेरचं आडनाव होतं, आणि त्याने माझा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं. ते मनगट अजून थंडीत दुखतं, मेण कोरताना चाकू हलतो. लॅबच्या बाई समजतात मला संधिवात आहे. शेवटी मी निघाले ती तुझ्या चपला घालून, टाचा बाहेर, आणि तू जिन्यात उभी राहून शिंकत होतीस, माझी पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून.

म्हणून मला ते नाव परत हवंय, बिट्टी. लपायला नकोय, हाक मारायला हवंय.

अजून अकरा दिवस राहिले.

वहिनी

*

२८ फेब्रुवारी

वहिनी,

तातडीच्या टपालाने पाठवतेय. तुझा फोन नंबर माझ्याकडे नसावा हे आपणच ठरवलं होतं. आज त्याचा पश्चात्ताप होतोय.

मी खोटं लिहिलं होतं. दादा लांब गेलेला नाही. गेल्या पावसाळ्यात त्याची नोकरी गेली, तेव्हापासून तो घरीच आहे, माझ्याच खोलीत झोपतो. मी आणि आई स्वयंपाकघरात. तुला सांगितलं असतं तर तू मला पत्र लिहिणं बंद केलं असतंस, आणि मला ते नको होतं. एवढंच कारण आहे. मी तुझ्यावर नाराज नव्हते ग. मी घाबरलेली होते.

तुझं २० तारखेचं पत्र मी बॅगेच्या अस्तरात ठेवलं होतं. परवा कामावरून आले तर अस्तर उसवलेलं होतं. दादा टेबलापाशी बसून पत्र वाचत होता. मला वाटलं आता ताट फेकेल, मारेल. त्याने काहीच केलं नाही. घड्या घालून खिशात ठेवलं, जेवला, आईला म्हणाला, "आमटी छान झालीय." मग पाकिटावरचा टपालाचा शिक्का दिव्याखाली धरून गावाचं नाव मोठ्याने वाचलं. आज सकाळी शर्टाला इस्त्री केली आणि गाडीचं वेळापत्रक घेऊन गेला.

तो रागावला असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

तू फळ्याकडे जाऊ नकोस. त्या फुटपाथवर उभी राहू नकोस. तू तिथे उभी राहतेस हे त्याने वाचलंय.

बिट्टी

*

५ मार्च

प्रिय बिट्टी,

तुझं पत्र काल पोस्टातल्या माझ्या पेटीत मिळालं. त्याच्या आधी तो येऊन गेला होता.

दोन तारखेला मी डबा घेऊन गेले, तर आमच्या नोटिशीवर लाल चिठ्ठी. हरकत. नोटीस संपायला एक दिवस उरला होता. मी आत गेले. कारकून ओळखीचं हसला नाही. म्हणाला, "सकाळी एक गृहस्थ आले होते. फार सभ्य बोलले. तुमच्याबद्दल त्यांना काळजी वाटते म्हणाले." मी विचारलं, ते गेले का? "मघाशीच गेले, समोर फुटपाथवर बराच वेळ उभे होते," म्हणाला.

म्हणजे माझ्या जागेवर. मी कार्यालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडले. लॅबमध्ये जाऊन प्लास्टरच्या पोत्यांमागे बसले, लॅबच्या बाई शोधत येईपर्यंत.

हरकतीत लिहिलंय की या बाईने पहिलं लग्न आणि पहिलं आडनाव लपवलं, ती नावं बदलून माणसांना फसवते, आणि होणाऱ्या नवऱ्याला वेळीच सावध करावं. सुनावणी १४ तारखेला. तो येणार, मीही यायला हवं, एकाच खोलीत. नोंदणी अधिकारी बाई म्हणाल्या, "घटस्फोट झालाय हे कागदावरून कळेल. पण तुम्ही खोटं का लिहिलंत? भीतीने की फसवायला? ते मला ठरवावं लागेल. फसवायला असेल तर प्रकरण पोलिसांकडे जाईल. त्या काळात तुमच्या घरात असलेलं कुणी साक्षीला येईल का?"

मी म्हटलं, कुणी नाही.

तू येऊ नकोस. मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाहीये.

मिस्त्रीला हरकतीची नक्कल पोस्टाने मिळाली. तो संध्याकाळी ती हातात घेऊन आला. "हे तिसरं आडनाव कुणाचं?" एवढंच विचारलं. मग मी सांगितलं, सगळं, चपलांपासून. त्याने नक्कल टेबलावर पालथी ठेवली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "मला सांगायला हवं होतंस. मी चार दिवस झाले त्या माणसाला दुकानात चहा पाजतोय. मशीन विकत घ्यायचंय म्हणाला, घर कुठे ते विचारत होता."

त्याने पत्ता सांगितलेला नाही. दुकानाचा नोकरसुद्धा आता माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत येतो. पण मिस्त्री माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही, बिट्टी. दाराला नवं कुलूप बसवलं आणि किल्ली न बोलता टेबलावर ठेवली.

वहिनी

*

९ मार्च

वहिनी,

दादा परत आलाय. खुशीत आहे. येताना बायकांच्या चपलांचा नवा जोड घेऊन आला, तुझ्या मापाचा. दाराशी ठेवलाय, नीट, दोन्ही पुढे तोंड करून. आईला म्हणाला, "चौदा तारखेला ती माझ्याबरोबर घरी येईल. तिकडे तिला कोण ठेवून घेणार आता?" आम्ही येता-जाता त्या चपलांना वळसा घालतो.

मी यायचं ठरवलं होतं. रजा घेतली होती. पण त्याने माझं ओळखपत्र काढून घेतलंय, आणि ओळखपत्राशिवाय साक्ष घेत नाहीत हे मी विचारून आले. तुझ्या पत्राचं पहिलं पान त्याच्याकडे आहे, ज्यात तू खोटं लिहिल्याचं कबूल केलंयस. ते तो अधिकाऱ्यांना दाखवणार आहे. दुसरं पान त्याने चुरगाळून टाकून दिलं.

आणि काल आईने जे केलं ते मला लिहवत नाही. दादा शर्ट बघत होता, तर ही म्हणाली, "मीही येते तुझ्याबरोबर. मी समजावलं तर ऐकेल ती." तुझं मनगट सुजलं होतं तेव्हा हीच हळद लावत होती आणि हीच म्हणत होती की दाराकडे बघून चालावं. मला वाटायचं ती घाबरते म्हणून गप्प असते. आता वाटतं, ती त्याचीच आहे.

वहिनी, अर्ज मागे घे. मिस्त्री असेल तर त्याच्याबरोबर, नसेल तर एकटी, कुठेतरी जा. नाव काय लावायचं ते तिथे गेल्यावर ठरव. मी पत्र लिहिणार नाही, तू कुठे आहेस हे मला माहीतच नसलेलं बरं.

बिट्टी

*

१४ मार्च, दुपार

प्रिय बिट्टी,

हे पत्र डॉक्टरबाईंच्या नावाने पाठवतेय. त्यांना मघाशी दवाखान्यात फोनही केला. नियम मोडला, पण तो इथून साडेबाराच्या गाडीने एकटाच निघालाय आणि त्याच्याआधी तू घरातून बाहेर पडायला हवंस. त्या म्हणाल्या, "मी बघते," आणि फोन ठेवला. तू हे वाचत असशील तर बाहेर पडली असशील असं धरून लिहिते.

मी पळाले नाही. मिस्त्री सकाळी आला आणि म्हणाला, "चल, उशीर होईल." वाटेत एकच वाक्य बोलला, "मला राग तुझ्या खोटेपणाचा नव्हता, मी त्याला दोनदा साखर विचारली त्याचा होता."

खोली लहान होती. लांब टेबल, एका बाजूला तो आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, मांडीवरची पिशवी धरून बसल्या होत्या. त्याने मला पाहिलं आणि फक्त हसला. अधिकारी बाईंनी नाव विचारलं तर मी कोणतं सांगू हेच मला सुचेना, बिट्टी. माहेरचं, आजोळचं, तुमच्या घरचं, मिस्त्रीचं, चार आडनावं तोंडात आली आणि एकही बाहेर पडेना.

तो बोलला. शांतपणे, काळजीने. मग पत्राचं पान पुढे सरकवलं. बाईंनी वाचलं. मला विचारलं, "अक्षर तुमचं?" मी मान हलवली. "म्हणजे खोटं लिहिताय हे तुम्हाला लिहितानाच माहीत होतं." मी पुन्हा मान हलवली. त्याने खुर्ची मागे सरकवली, जणू आता निघायचंच.

बाई म्हणाल्या, "शेवटची ओळ आहे, 'आता दुसरं पान घेते.' ते कुठे आहे?"

"तेवढंच होतं," तो म्हणाला.

सासूबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. चुरगळलेला, हाताने पुन्हा सपाट केलेला, चहाचे डाग पडलेले. टेबलावर ठेवला. "हे दुसरं. कचऱ्यातून काढलं."

तो म्हणाला, "आई." एवढंच. पण तो सूर तुला ठाऊक आहे. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि मला वाटलं आता त्या कागद परत घेणार. त्यांचा हात कागदावरच होता. मग त्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

बाईंनी वाचलं, सावकाश. मग सासूबाईंना विचारलं, "हे खरं आहे?"

"दार मी उघडलं," त्या म्हणाल्या. "तिचा हात अडकला होता, ते दार. त्याने लावलं आणि दुसऱ्या बाजूने उघडलं मी. मी तेव्हा कुणाला बोलले नाही. चपलांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची." मग म्हणाल्या, "त्याच्या वडलांनी माझ्याही ठेवल्या होत्या."

तो उभा राहिला. मिस्त्रीही उभा राहिला. मी आयुष्यात मिस्त्रीला कुणावर हात उगारताना पाहिलेलं नाही, त्याने आत्ताही उगारला नाही, नुसता टेबलाच्या कडेला येऊन थांबला. कारकुनाने दार उघडून शिपायाला आत घेतलं. तुझा भाऊ म्हणाला, "आई, घरी चल." सासूबाई म्हणाल्या, "मी बसते जरा." तो गेला. जिन्यावर त्याची पावलं सावकाश वाजत होती, घाई नव्हती. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

साक्ष लिहून घेताना कारकुनाने त्यांना पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "लग्नाआधी माझं दुसरं होतं. तेही लिहा." आणि ते आडनाव सांगितलं, अक्षर अक्षर सोडवून, जणू किती दिवसांनी तोंडात घेतलंय. लिहितेय तुझ्यासाठी, वेगळ्या चिठ्ठीवर. मीही आज पहिल्यांदाच ऐकलं.

निकाल असा: खोटं भीतीपोटी लिहिलं असं नोंदवलं. दंड नाही, ताकीद. पण अर्ज नव्याने भरायचा, चारही आडनावांसकट, आणि नोटीस पुन्हा तीस दिवस. बाईंनी पोलिसांना कळवलंय, त्याला आमच्या रस्त्यावर यायची मनाई होईल. कागदावर तरी.

सासूबाई मिस्त्रीच्या आईच्या खोलीत झोपल्यात. पिशवीत दोन लुगडी आणि औषधं होती. त्या परत न जाण्याच्या तयारीनेच आल्या होत्या.

तू कुठे आहेस ते कळव.

वहिनी

*

२२ मार्च

वहिनी,

मी सुरक्षित आहे. हे पहिलं वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले.

त्या दिवशी दोन वाजता डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाडीत अंगावर येणारं कुत्रं आहे, धरायला हात हवा, जशी आहेस तशी चल." गाडीत कुत्रं नव्हतं. मी दोन दिवस दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिले, पिंजऱ्यांच्या रांगेशेजारी. तो दुसऱ्या दिवशी आला. मी दाराआडून आवाज ऐकत होते. त्याने डॉक्टरबाईंना बहीण कुठे आहे विचारलं, तब्येतीची काळजी वाटते म्हणाला. त्या म्हणाल्या, "रजेवर आहे." तो तासभर बाकावर बसला, मांजरवाल्या लोकांशी गप्पा मारत. एका बाईने त्याला आपलं पिल्लू मांडीवर धरायला दिलं. त्याने धरलं. मी भिंतीला पाठ लावून उभी, आणि एका पिंजऱ्यातलं कुत्रं माझ्याकडे बघून शेपूट आपटत होतं, त्याला मी हाताने गप्प करत होते. मग तो गेला. घरातलं आईचं कपाट फोडलंय, असं शेजारणीने कळवलं. पुढे कुठे गेला, कुणाला माहीत नाही.

आता मी डॉक्टरबाईंच्या मैत्रिणीकडे आहे, दुसऱ्या गावी. तिचाही प्राण्यांचाच दवाखाना आहे. पहिल्या दिवशी हजेरीच्या वहीत नाव लिहायला सांगितलं. मी पेन धरून बसले. तुझं ते पेन चौकटीवर थांबलं होतं ना, ते मला तेव्हा कळलं. मग तुझी चिठ्ठी काढली आणि आईचं माहेरचं आडनाव लिहिलं. पंचवीस वर्षं मी तिच्याबरोबर राहिले, वहिनी, आणि ते मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ९ तारखेच्या पत्रात मी तिच्याबद्दल जे लिहिलं ते तिला वाचून दाखवू नकोस.

तुमची नोटीस पुन्हा लागली का? चारही नावं? तिकडे कुणी दिसतं का?

बिट्टी

*

२५ एप्रिल

प्रिय बिट्टी,

तुला उशिरा लिहितेय, कारण तीस दिवस पूर्ण होईपर्यंत काहीच लिहायचं नाही असं मी मनाशी धरलं होतं.

नोटीस लागली. चारही आडनावं, माझ्या हाताने लिहिलेली, काचेमागे. कारकुनाने आडनावाच्या चौकटींना उजवीकडे कागदाची पट्टी चिकटवून दिली, रेघेसाठी. यावेळी मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले नाही, लॅबमध्येच जेवले. पण रोज संध्याकाळी सासूबाई न सांगता फळ्यापर्यंत चक्कर मारून यायच्या आणि आल्यावर फक्त म्हणायच्या, "आहे." नोटीस आहे, बाकी कुणी नाही.

तो एकदा आला होता. नोटिशीच्या बाराव्या दिवशी, रस्त्याच्या तोंडाशी. मिस्त्रीने पाहिला. पोलीस येईपर्यंत निघून गेला. त्यानंतर काही नाही. काही नसणं हे मी रोज नव्याने मोजते. गर्दीत कुणाची मान एका बाजूला कललेली दिसली की अजून माझी बोटं गार पडतात. हे जाईल असं मी तुला सांगणार नाही, मला माहीत नाही.

परवा लग्न झालं. सह्या करताना माझी रेघ वाकडी आली. मिस्त्रीने स्वतःचीही वाकडी काढली. साक्षीदार म्हणून सासूबाईंनी सही केली, दोन्ही आडनावांनी. अधिकारी बाईंनी विचारलं, वधूशी नातं? त्या गोंधळल्या. "सासू" लिहावं तर ती दुसरीच शेजारी बसलेली. शेवटी म्हणाल्या, "घरची." कारकुनाने तेच लिहिलं.

मग घरी येऊन दारावर पाटी लावली, बाहेरच्या बाजूने. दोन्ही नावं. मिस्त्रीने सहा वेळा विचारलं, नक्की ना.

आज सकाळी दार वाजलं. आम्ही दोघी एकदम उठलो. मिस्त्री दुकानात होता. या वेळी कुणी येत नाही. मी स्वयंपाकघराच्या भिंतीशी सरकले, सासूबाईंनी माझा हात धरला, तोच, मनगटाशी, आणि दोघीही हललो नाही. पुन्हा वाजलं. मग त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाल्या, "मी बघते."

साखळी न काढता त्यांनी विचारलं, "कोण?"

बाहेरून कागद सळसळल्याचा आवाज आला. मग पोस्टमन पाकिटावरचं माझं पूर्ण नाव वाचायला लागला, अडखळत, एक आडनाव, थांबून दुसरं, आणि म्हणाला, "एवढ्या लांब नावाची बाई इथेच राहते का?"

"राहते," सासूबाई म्हणाल्या, आणि साखळी काढली.

तुझंच पत्र. चिठ्ठीमागे दिलेल्या घरच्या पत्त्यावर तू पहिल्यांदाच लिहिलंस. पत्र त्यांनाच वाचायला दिलं आहे. वाचून झालं की मला देतील.

तुझी,
वहिनी